नायर घराण्याची हाळी

बारामतीहून इंदापूरला जाताना कालव्याच्या कडेला एक गाव लागते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तिथले बहुतेक मानकरी हयात आहेत आणि नावे छापण्यात झालेली चूक ते विसरत नाहीत. नव्वदच्या दशकात मी त्या भागाचा वार्ताहर होतो. राहायला इंदापूरला होतो, पण चैत्रातल्या भैरवनाथाच्या यात्रेची बातमी देण्यासाठी दर वर्षी त्या गावी जावे लागे. बातमी चार ओळींची असे. तिच्याखाली मानकऱ्यांची यादी चाळीस ओळींची.

पालखीला पहिला खांदा देण्याचा मान एका घराण्याकडे, तो खांदा बदलण्याचा दुसऱ्याकडे. नारळ आणण्याचा मान वेगळा, फोडण्याचा वेगळा, आणि नारळ फुटला असे मोठ्याने सांगण्याचा आणखी वेगळा. पालखीला आडव्या येणाऱ्या कुत्र्याला हाकलण्याचा मान तीन पिढ्या एकाच घरात होता. कुत्रे आडवे आले नाही तर ते घर स्वतःचे कुत्रे आणत असे. सगळ्यांत अवघड मान बापूरावांचा होता. त्यांच्या घराण्याला रुसण्याचा मान होता. पालखी निघायच्या वेळी बापूराव रुसून घरी जाऊन बसत, मग गाव ढोल वाजवत त्यांना आणायला जाई. एका वर्षी त्यांना नातू झाला आणि काही केल्या रुसता येईना. पालखी दीड तास थांबली. शेवटी यात्रा कमिटीचे प्रमुख दत्तूआबा त्यांच्या घरी गेले, त्यांच्या बैलाला नावे ठेवून आले, आणि मग यात्रा पुढे सरकली.

अंबिका नायर मला पहिल्यांदा भेटली ती या यादीचे कात्रण घेऊनच. गावाच्या एसटी थांब्यावरच्या हॉटेलात मी चहा घेत होतो. समोर एक मुलगी उभी राहिली आणि तिने हात वर केला. वर्गात करतात तसा. मी विचारल्याशिवाय ती बोलेना.

"बोल," मी म्हणालो.

"पत्रकारकाका, या यादीत नाव यायला काय करावं लागतं?"

"मान असावा लागतो."

"तो कुठं मिळतो?"

"मिळत नाही. असतो."

तिने यावर थोडा विचार केला. "मग आमचं काय?" ती म्हणाली.

हे तिचे नेहमीचे वाक्य होते, हे मला पुढे कळले. शाळेत, दुकानात, एसटीच्या रांगेत ती हेच विचारी. तेव्हा ती नुकतीच नववी पास झाली होती. वडील जवळच्या साखर कारखान्यात टर्बाइनवर होते. केरळातून नोकरीसाठी आलेले. गावात त्यांना 'टर्बाइन नायर' म्हणत आणि कुटुंबाला 'मद्राशी'. केरळ वेगळे, मद्रास वेगळे, असे अंबिका दर वेळी सांगे. गाव ते दर वेळी मान्य करी आणि पुन्हा मद्राशी म्हणे. कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत आई, वडील आणि ती अशी तीन माणसे. दोन वर्षांत ती मराठी अशी बोलू लागली होती की पाठमोरी असेल तर कुणी ओळखले नसते.

ओळखायचे ते छत्रीवरून. बारा महिने तिच्या हातात मोठी काळी छत्री असे, पुरुषी, वाकड्या मुठीची. आजोबांची होती. त्या भागात छत्री ही वर्षातून दहा-बारा दिवस लागणारी वस्तू आहे.

"पाऊस न्हाय, पानी न्हाय, छत्री कशाला गं?" पारावरची माणसे विचारत.

"माझी हाय म्हणून," ती म्हणे.

गायकवाड गुरुजी तिचे वर्गशिक्षक. त्यांनी एकदा 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला. अंबिकाने वरती शीर्षक लिहिले, खाली रेघ मारली आणि कोरे पान दिले. गुरुजींनी दहापैकी दोन गुण दिले आणि शेरा मारला: 'शीर्षक बरोबर आहे.' ते पान त्यांनी मला दाखवले होते. त्यांना ते वर्गातले सगळ्यांत प्रामाणिक वाटले होते.

त्या मे महिन्यात नायर कुटुंब सुट्टीला केरळात गेले. तिथे काय झाले ते अंबिकाने मला नंतर सांगितले. मावसभावंडे तिच्या मल्याळमला हसली. तिला 'मराठी' म्हणून हाक मारू लागली. इकडे मद्राशी, तिकडे मराठी. हात वर करून ती आजीला विचारत राहिली, मग आमचं काय? आजी तिला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेली आणि एका पंक्चरच्या दुकानापुढे उभी राहिली. म्हणाली, इथे आपल्या घराच्या आवाराची वेस होती. घर विकले गेले तेव्हा अंबिकाची आई लहान होती. पण त्याआधी रोज दिवेलागणीनंतर, घरच्यांची जेवणे झाली की आजीचे मामा या वेशीत दिवा घेऊन उभे राहत आणि दार लावण्याआधी तीनदा हाळी देत: "अत्ताळप्पट्टिणिक्कारुंडो?" रात्रीच्या जेवणावाचून कुणी राहिले आहे का? कुणी ओ दिली तर त्याला वाढून मग दार लावायचे. ते काम आपल्या घराचे होते.

पंक्चरवाल्याने त्यांना गिऱ्हाईक समजून पंप बाहेर काढला, एवढेही अंबिकाने सांगितले. ती गोष्ट सांगताना काही गाळत नसे.

ती परतली ती हे एक वाक्य घेऊन. मान सापडला होता. फक्त यात्रा सापडायची होती.

पुढच्या चैत्रात, दहावीची परीक्षा संपल्यावर, ती आधी गायकवाड गुरुजींकडे गेली. गुरुजी बौद्ध होते. त्यांच्या आजोबांकडे यात्रेत दिवटी धरून पालखीपुढे चालण्याचे काम होते, आणि गाव त्यालाही मानच म्हणत असे. धर्मांतराच्या वेळी आजोबांनी दिवटी देवळाच्या पायरीवर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

"आमी मान सोडला तवा मान वर झाली," गुरुजी तिला म्हणाले. घरात ते गावचेच बोलत. "तुला कशाला पायजे?"

"मला यादीत यायचंय, गुरुजी."

"तुझ्या मानात कुनाला खाली बसावं लागतं का? कुनाला लांब उभं राहावं लागतं का?"

तिने विचार केला. "न्हाय. उलट आत बोलवावं लागतं."

"मग घे," गुरुजी म्हणाले.

यात्रेच्या आधीची बैठक चावडीत भरली. बायका-मुलींनी बैठकीला यायची पद्धत नव्हती. अंबिका आत गेली नाही. पायरीवर उभी राहून तिने हात वर केला आणि तसाच ठेवला. वीस-पंचवीस मिनिटे कुणी पाहिले नाही. मग दत्तूआबांना तो हात दिसू लागला आणि त्यांचे बोलण्यात लक्ष लागेना.

"टर्बाइनची पोरगी ना तू? काय पायजे?"

तिने सांगितले. महाप्रसादाची शेवटची पंगत उठली की वेशीत दिवा घेऊन उभे राहायचे आणि तीनदा हाळी द्यायची.

"मान परंपरेनं असतोय, पोरी," एक जण म्हणाला.

"परंपरा हाय की. आमच्या घरात हाय. फक्त हितं न्हाय."

"मग तिकडं जाऊन कर."

"तिकडं आता पंक्चरचं दुकान हाय."

बापूरावांनी विचारले, "देवाला तुजी भाषा कळंल का?"

महादू गुरव कोपऱ्यात बसले होते. चाळीस वर्षे देवाची पूजा करणारा माणूस. ते म्हणाले, "आमची तरी कुठं कळतीया."

दत्तूआबांनी कमिटीला एकच प्रश्न विचारला. शेवटची पंगत उठल्यावर वेशीत कुणाचा मान आहे? कुणाचाच नव्हता. त्या वेळी सगळे पालखीकडे असत. म्हणजे कुणाचा मान मोडत नव्हता. ठराव मंजूर झाला. तिथे कुणी नसते, हीच त्याची मुख्य सोय होती.

बैठक उठल्यावर अंबिका आबांजवळ गेली. मी शेजारीच होतो. तिने त्या हाळीचा अर्थ सांगितला. आबांनी इकडेतिकडे पाहिले.

"अर्थ कुनाला सांगू नगंस," ते हळूच म्हणाले. "अर्थ कळला की लोक वाद घालत्यात. न कळलेलं टिकतंय."

 मान नुकताच मिळाला होता. तिने मान हलवली.

पहिल्या वर्षी वेशीत मी मोजले: दोन कुत्री, महाप्रसादाची भांडी घासणारी हौसाबाई आणि मी. दिवस मावळत होता. अंबिका परकर-पोलके घालून, एका हातात समई आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री धरून उभी होती. छत्री वाऱ्यासाठी की परंपरेसाठी, हे मी विचारले नाही. तिने रस्त्याकडे तोंड करून तीनदा हाळी दिली. आवाज मोठा होता, शेवटी थोडा कापला. कुत्र्यांनी कान टवकारले. हौसाबाई तिच्यामागे पाच पावलांवर राखेने कढई घासत होती. तिने हात थांबवला, ऐकले, मला विचारले, "मंतर हाय व्हय?" मी आबांचा सल्ला मानला आणि हो म्हणालो.

बातमी मी रात्री लिहिली. यात्रेच्या बातमीचा साचा ठरलेला असतो, हात आपोआप चालतो. यादीच्या शेवटी मी लिहिले: 'महाप्रसादानंतर परंपरेनुसार नायर घराण्याच्या वतीने वेशीत हाळी देण्यात आली.' 'परंपरेनुसार' हा शब्द सवयीने गेला. छापून आल्यावर माझ्या लक्षात आले. दुरुस्ती द्यावी इतकी ती बातमी मोठी नव्हती.

जूनमध्ये अंबिका बारामतीला अकरावीच्या प्रवेशासाठी गेली. अर्जात 'मूळ गाव' असा रकाना होता. तिने यात्रेच्या गावाचे नाव लिहिले. खिडकीतल्या क्लार्कने आडनाव पाहिले, गाव पाहिले, आणि म्हणाला, "नायर, आणि या गावचे?" तिने छत्रीच्या घडीतून कात्रण काढले. क्लार्कने दोनदा वाचले. "परंपरेनुसार म्हणजे जुनेच दिसता तुम्ही," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

दुसऱ्या वर्षी वेशीत चाळीसेक माणसे होती. तिसऱ्या वर्षी कर्णा लावला. तोवर दत्तूआबा सांगू लागले होते की त्यांच्या आजोबांनीही ही हाळी ऐकली होती, फक्त तेव्हा ती जरा हळू देत. त्या हाळीने गुरांची लाळ्या-खुरकुत थांबते असे कुणीतरी म्हणाले आणि लोक बैल घेऊन येऊ लागले. टर्बाइन नायर या सगळ्याने अवघडून जात. "आम्ही इथे नोकरीला आलेली माणसं," ते मला म्हणाले, "घराणं वगैरे काही नाही." पण त्यांनाही पानसुपारीला बोलावणे येऊ लागले होते, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून जात.

अंबिकाची बारावी झाली आणि वडिलांना तमिळनाडूतल्या एका कारखान्यात जास्त पगाराची जागा मिळाली. तिला नर्सिंगला घालायचे ठरले. सामान ट्रकमध्ये चढत असताना ती दत्तूआबांकडे गेली. छत्री घेऊन.

"आबा, आमी चाललो. मग आमचं काय?"

"तुमचं काय म्हंजे?" आबा रागावले. "मान ज्याचा त्याचा. तू हितं आस न्हायतर लंकंत. तुजाच."

त्यांनी शब्द पाळला. दोन वर्षे कमिटीने नर्सिंग कॉलेजच्या पत्त्यावर कुंकू लावलेले निमंत्रण पाठवले. दोन्ही वर्षी तिचे पोस्टकार्ड आले: परीक्षा आहे, येता येत नाही. हाळी महादू गुरवांनी दिली. तिने जाताना वहीच्या पानावर ती देवनागरीत लिहून दिली होती. गुरवांनी ते पान देवाच्या आरतीच्या पुस्तकात ठेवले होते. ते पहिली चार अक्षरे बरी म्हणत, पुढची चालीत ढकलत. यादीत मी लिहीत असे: 'नायर घराण्याच्या वतीने, महादू गुरव.'

तिसऱ्या वर्षी ती न कळवता आली. गाडी उशिरा आली, इंदापूरला पुढची एसटी चुकली. गावच्या थांब्यावर उतरली तेव्हा शेवटची पंगत उठली होती, आणि वेशीत दोनेकशे माणसे, सहा-सात बैल आणि कर्णा जमला होता. गुरवांनी हाळी दिली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरी संपली आणि रस्त्याच्या बाजूने आवाज आला:

"हाय! मी हाय! सकाळधरनं काय खाल्लं न्हाय!"

बॅग, छत्री आणि वर केलेला हात.

गर्दी वळली.  गुरवांच्या हातातले पान खाली पडले.  अखेर बापूराव म्हणाले, "ह्याला उत्तर आसतंय?"

इतक्या वर्षांत कुणी उत्तर दिले नव्हते. उत्तर आल्यावर काय करायचे, याची परंपरा नव्हती. ओ देणाऱ्याला वाढायचा मान कुणाचा यावर तिथल्या तिथे तीन घराणी उभी राहिली. नारळवाले म्हणाले, सुरुवात आमची म्हणून शेवटही आमचा. खांदा बदलणारे म्हणाले, हे बदलण्याचेच काम आहे. कुत्रेवाल्यांचा दावा मला नीट कळला नाही. आणि सगळी भांडी घासून पालथी घातलेली होती. लापशीचा कण शिल्लक नव्हता.

अंबिका वेशीच्या पायरीवर बसली. वाद तिच्या डोक्यावरून चालू होता. तेवढ्यात हौसाबाई राखेचे हात पदराला पुसत आली. तिने भिंतीच्या कोनाड्यातले फडके काढले आणि तिच्यापुढे सोडले. दोन भाकरी आणि ठेचा.

"आदी खा, पोरी. मान मागनं ठरूंद्यात."

अंबिकाने तुकडा मोडला आणि थांबली. "मावशी, ही कुणाची भाकरी?"

"माजी. घरनं आनलेली. घासून झाल्याबिगर मी खाते कुठं? पंगतीचं सरून जातंय तवर." मग तिने विचारले, "तेवढं सांग की गं. तू काय वरडायची? ह्यो मंतर काय हाय?"

अंबिकाने आबांकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी वहीत बघत होतो.

"मंतर न्हाय, मावशी. कुणी जेवायचं राहिलंय का, असं विचारायचं असतंय."

हौसाबाईने पदराला हात पुन्हा पुसले.

"असं व्हय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग मराठीत इचारायचं की. मी हितंच हुते. तुज्या मागं."

अंबिका उठली. भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला, गुरवांच्या समोरचा कर्ण्याचा माइक हातात घेतला. दत्तूआबा "अगं, अगं" म्हणाले. तिने तीनदा नाही, एकदाच विचारले.

"कुणी जेवायचं राहिलंय का?"

आधी जनरेटरवाल्याचा हात वर गेला. मग दोन ढोलवाल्यांचे, मांडववाल्या तिघांचे, पाळणा फिरवणाऱ्याचा, कासारणीचा. ही सगळी बाहेरून कामाला आलेली माणसे. हौसाबाईने सगळ्यांत शेवटी, अर्धाच केला. नऊ. दहावा माझा होता, तो मी बातमीत धरला नाही.

"तरी म्हनलं हुतं," दत्तूआबा म्हणाले, "अर्थ सांगू नगंस."

मग त्यांनी चूल पेटवायला सांगितली. चूल पेटवण्याचा मान आपला, असे बापूराव म्हणाले. कुणी ऐकले नाही, तेव्हा ते रुसून घरी गेले. त्या दिवशी ढोलवाले जेवायला थांबले होते, त्यामुळे त्यांना आणायला कुणी गेले नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच आले. खांद्यावर तांदळाचे पोते होते.

माझी एसटी आली. पुढच्या वर्षापासून मी त्या भागात नव्हतो. उपाशी राहण्याच्या मानासाठी कमिटीकडे चार घराण्यांचे अर्ज आले, असे गायकवाड गुरुजींनी पत्रातून कळवले. त्या रात्रीच्या बातमीत मी हाळीबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि 'परंपरेनुसार' हा शब्द खोडला.

एसटीच्या मागच्या खिडकीतून शेवटचे दिसले ते असे. चैत्रातला संध्याकाळचा वारा सुटला होता आणि चूल धरत नव्हती. हौसाबाई उकिडवी बसून फुंकर घालत होती. वाऱ्याच्या बाजूला अंबिका नायर, तोंडात भाकरीचा घास, आजोबांची काळी छत्री उघडून चुलीला आडोसा धरून बसली होती. दत्तूआबा तिला काहीतरी समजावत होते. तिने मोकळा हात वर केला होता, आणि ती आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.